पुकारा

साडेपाचला उठून तुझा निळा शर्ट इस्त्री केला.
पांढरा नको, म्हणालास, पांढऱ्यात घाम दिसतो.
रविवारपासूनचं हे तुझं सगळ्यात लांब वाक्य.
गीझर तीनदा लावला.
तिसऱ्यांदा तू आत गेलास
आणि मी दाराबाहेर मगांचे आवाज मोजत राहिले,
चार, पाच,
मग बराच वेळ काही नाही,
मग सहा.

अकोट्याच्या पुलावर स्कूटर हळू केली.
खाली विश्वामित्रीच्या गाळात दोन मगरी,
जबडे उघडे, दुपारपर्यंत अशाच पडून राहतील.
त्यांना कुणी आळशी म्हणत नाही.
तुला हे सांगणार होते,
पण मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दिला.

सतरा पाकिटं होती.
देव्हाऱ्याखालच्या खणात, कापूर-वातींच्या मागे,
एकही फोडलेलं नाही
आणि सगळी तारखेनुसार लावलेली.
उघडणार होतो, एवढंच म्हणालास.
मकरपुऱ्याच्या शेडला कुलूप लागलं,
रबरवाल्या शेठचा चेक परत आला,
नोटीस, समन्स, शेवटी वॉरंट,
तू भिंतीकडे तोंड करून पंखा ऐकत होतास.
लोक म्हणाले, जयदीप तोंड चुकवतोय.
खोटं कशाला बोलू,
दोन-तीन महिने मलाही तसंच वाटत होतं.

दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात बाकावर
आपल्या शेजारी एक काका शेंगा सोलत बसले होते.
न विचारता त्यांनी तुझ्या हातावर दाणे ठेवले.
तू मूठ मिटलीस.
मेहुलभाई वाकून म्हणाले, डॉक्टरांचा कागद लावू ना?
तू मान हलवलीस.
नको म्हणून, की माहीत नाही म्हणून,
सोळा वर्षं झाली लग्नाला, मला कळलं नाही.

"कर्णिक जयदीप वसंतराव!"
आडनाव आधी, इथल्या रीतीनं,
आणि असं ओरडून
जणू तू कुठेतरी फार लांब आहेस.
शिपायाचा अंदाज बरोबर होता.

मॅजिस्ट्रेटबाई आपल्याहून लहान.
आधीच्या तारखांना का आला नाहीत, त्यांनी विचारलं,
आणि मी उभी राहिले.
आठ महिने मीच उभी राहतेय,
दाराशी, फोनशी, बँकेत, तुझ्या आईसमोर.
तुझी वाक्यं माझ्या तोंडात तयारच असतात.
"तमे कोण छो?"
पत्नी.
"बेसो, बेन. एमने बोलवा दो."

बसले.
हात मांडीवर पडून राहिले,
कुणीतरी बाकावर विसरून गेल्यासारखे.
टायपिस्ट थांबला होता.
मी मोजायला लागले.
चार, पाच,
मग बराच वेळ काही नाही.

"उठता येत नव्हतं," तू म्हणालास.

मराठीतच म्हणालास.
बाईंनी मान वर करून पहिल्यांदा तुझ्याकडे पाहिलं.
मग मेहुलभाईंनी कागद पुढे सरकवला, काहीबाही जोडलं,
पण टायपिस्टनं आधीच काहीतरी टाइप केलं होतं.
तुझं वाक्य गुजरातीत कसं दिसतं
ते बघावंसं वाटलं मला.

वॉरंट रद्द. जामीन. पुढची तारीख अठ्ठावीस.
यात जिंकण्यासारखं काही नाही,
शेठचे पैसे द्यायचेच आहेत.
बाहेर गाडीवर तू अर्धी प्लेट सेव-उसळ खाल्लीस,
नाक लाल झालं, डोळ्यांत पाणी.
तिखट आहे, म्हणालास.
तिखट होतीच.

रात्री शर्ट धुवायला काढला
तर खिशात सात दाणे, घामानं मऊ झालेले.
तू पुन्हा भिंतीकडे वळून झोपला होतास,
की जागा होतास.
एक दाणा मी खाल्ला.
उरलेले सहा परत खिशात टाकले
आणि शर्ट तसाच, न धुता,
खुंटीला अडकवला.